तीस फूट आणि वर एक हात

पाइप घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी लांबी सांगतं. लांबी कुणालाही सांगता येते. मी आधी तोंडाचं माप विचारतो. लातूरच्या गंजगोलाई बाजारात माझं पाइपांचं दुकान आहे, आणि अनुभवानं सांगतो, लग्नात अठरा गुण जुळले तरी संसार होतो. पाइपाला छत्तीसच्या छत्तीस लागतात. एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, इकडेतिकडे झालं की वारा बाहेर.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. कचेऱ्या आल्या, पाट्या आल्या, साहेब आले. पाणी तेवढं यायचं राहिलं होतं. अशा दिवसांत माझा शाळेपासूनचा दोस्त, डाळमिलवाला गुरुपादप्पा, दुकानात आला.

औसा रोडवरच्या त्याच्या नव्या घरात अमेरिकेतल्या जावयानं धूळ ओढायचं यंत्र बसवलं होतं. मोटार आणि पिंप मागच्या खोलीत, नळ्या भिंतींच्या आतून, आणि प्रत्येक खोलीत भिंतीला झाकणाचं एक तोंड. त्यात लवचीक पाइप खुपसायचा आणि फरशीवर फिरवायचा. तो पाइप उंदरांनी खाल्ला होता.

"अव्वाला दमा," गुरुपाद म्हणाला. "झाडावं तर धूळ उडतीय, पुसावं तर पाणी न्हाई. डॉक्टर म्हनतेत, पुण्याला न्या. अव्वा म्हनती, मरंन पर घर सोडनार न्हाई. आता तूच बघ, मन्मथ."

मी व्यास मोजायचा कॅलिपर घेऊन गेलो. गुरम्माअव्वा, त्याची आई, उशांना टेकून खाटेवर बसली होती. श्वास घेतला की छातीत शिट्टी वाजायची.

"आलास का लेकरा," एवढं बोलायला तिला दोन शिट्ट्या लागल्या.

भिंतीच्या तोंडाचा आतला व्यास दीड इंच एक सूत. पाइपाचं टोक त्यात जाणार, म्हणून टोकाचं बाहेरचं माप तेवढंच हवं. ब्रशच्या दांडीचं माप आणखी वेगळं. पाइपात तारेचा पीळ हवाच, नाहीतर ओढ लागली की तो चपटा होतो. हैदराबादहून माल मागवला, दोन्हीकडे रबरी टोकं चिकटवली. तीस फूट. प्रत्येक फुटाला गिऱ्हाइकाच्या खात्रीसाठी पांढऱ्या रंगानं आकडा. आणि वर आजोबांपासूनच्या रिवाजानं एक हात फुकट, माझ्या उजव्या कोपरापासून मधल्या बोटापर्यंत मोजून.

चार दिवसांत अव्वाची शिट्टी थांबली.

पंधरा दिवसांनी गुरुपाद परत दुकानात.

"पाइप अव्वाच्या खाटेखाली पोचत न्हाई."

"खाट सरकवली असशील."

"खाट हाय तिथंच हाय. तुझाच हात आखूड झाला का?"

मी गेलो. रबरी टोकं माझीच होती, माझ्याच हातानं चिकटवलेली. आकडे वाचत गेलो. दहा, अकरा, चौदा. मी चिकित्सक माणूस, उलटीकडून वाचलं. चौदा, अकरा. मधे बोट फिरवलं. सांधा नव्हता. तारेचा पीळ सलग होता. पिंप उघडून पाहिलं, तर कोरडी, मऊ धूळ. पाइपाचा कपटाही नाही.

नवा पाइप दिला. तीस फूट आणि वर एक हात. महिन्याभरात तोही आखूड. यावेळी सहा, सात, अकरा.

"लई गार वाटतंय रे त्या भोकाजवळ," अव्वा म्हणाली. तोंडावर तुकतुकी आली होती.

"अव्वा, लाइट गेलीय. मोटार बंद हाय."

"मोटारीचं काय काम त्याला."

मी पाइप काढला आणि भिंतीच्या तोंडावर तळवा धरला. आत ओढ होती. हळू. मग थांबली. मग पुन्हा हळू.

मी अव्वाच्या छातीकडे बघितलं. ती त्याच ठेक्यात वरखाली होत होती.

मी झाकण लावलं.

खाटेवर शिट्टी वाजली.

मी झाकण उघडलं.

"असू दे तसंच," अव्वा म्हणाली. गुरुपाद दारात उभा होता. त्यानं खिशातून पुढच्या पाइपाचे पैसे काढले.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. पुण्याचं नाव आता त्या घरात निघत नाही. अव्वा दोन्ही वेळा भाकरी खाते, नागम्मा नावाच्या शेजारणीशी भांडते आणि जिंकते. मी महिन्याला नवा पाइप पोचवतो, तोंडं जुळवून, रिवाजात खोट न करता. असं समाधानाचं गिऱ्हाईक धंद्यात फार कमी भेटतं.

परवा नवा सदरा घालत होतो. बायकोनं, आमच्या शिवम्मानं, शिंप्याला दोन शिव्या घातल्या आणि उजवी बाही चार बोटं आत दुमडली. डावी बरोबर होती.

गिऱ्हाइकाचं माप कमी पडू नये. आता वरचा हात मी डाव्यानं मोजतो.