चौथा दिवा

आईला दुपारची झोप लागत नव्हती आणि त्याचं सगळं खापर तिनं कोपऱ्यातल्या, बुटांच्या खोक्याएवढ्या पेटीवर फोडलं होतं. घरातले झाडून सगळे फोटो साठवणारी ही चार डिस्कची पेटी. प्रत्येक खणावर एक निळा दिवा होता आणि डिस्क कामाला लागली की तो लुकलुकायचा.

"सारखं डोळे मिचकावतंय मेलं," आई कुरकुरली.

धाकटीनं हसून लॅपटॉप उघडला. इस्पितळातून आईला घरी आणल्यापासून ती पहिल्यांदाच हसली असेल. श्वास मिनिटाला बाराच्या खाली गेले तर ताबडतोब फोन करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गेले दहा दिवस तिला दुसरं कामच नव्हतं. बसता-उठता आईचे श्वास मोजायचे आणि जीव मुठीत धरून राहायचं.

दिवे बंद करायला एका ओळीची कमांड पुरे होती. तीन विझले. चौथा चालूच राहिला, पडद्यावर मात्र चारही बंद दिसत होते. तिनं दोनदा तीच कमांड दिली आणि शेवटी वैतागून चौथी डिस्कच बाहेर ओढली. खण रिकामा झाला तरी दिवा विझेना. आता तो सावकाश उजळत होता, सावकाश मंदावत होता.

तिनं घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला सतरा.

मग आईचे श्वास मोजले. सतरा.

आईला ठसका लागला. दिवाही अडखळला.

पेटी दादानं बसवली होती. तिनं त्याला ऑफिसात फोन लावला आणि तिथूनच तो इंटरनेटवरून पेटीच्या आत शिरला.

"दिवा कशाच्या तालावर चालवायचा ते इथं लिहिलेलं असतं," तो म्हणाला. "तिघांपुढे 'डिस्क' होतं, तुझ्या कमांडनं 'बंद' झालंय. चौथ्याचा रकाना कोराच आहे गं. मग हा चालतोय कशावर?"

"दादा, तो आईच्या..." वाक्य तिच्याच कानाला वेडगळ वाटलं. "हे बघ, तू त्याला हात लावू नकोस. राहू दे तसाच."

"अगं, झोप नाही तुला कितीतरी दिवस. साधा दिवा आहे तो. थांब, 'बंद' लिहितो."

"दादा, नको!"

"लिहिलं."

दिवा विझला.

ती गर्रकन वळली. आई डोळे उघडून तिच्याकडे बघत होती.

"हं, आता कसं बरं वाटतंय," आई म्हणाली. आवाज चांगला खणखणीत होता. "दादा आहे ना फोनवर? जेवला का विचार."

धाकटीला रडूच फुटलं. काय खूळ भरलं होतं डोक्यात! फोन उशीपाशी ठेवून ती पलंगाच्या कडेला टेकली, आईच्या छातीवर हात ठेवला आणि डोळे पुसत घड्याळाकडे बघत राहिली.

आई बोलत होती. दादाचं वाढलेलं वजन, खिडकीची सैल कडी, उद्या धुवायचे केस.

मिनिट भरलं.

हात एकदाही वर उचलला गेला नव्हता.

तिनं पुन्हा सुरुवातीपासून मोजलं.

"अशी काय बघतेस?" आई म्हणाली.

फोनमधून दादा हसला. "आईचा आवाज किती छान येतोय गं आज."