एकदाच पाय दे

त्या दुपारी गाडीचा कार्बोरेटर पुन्हा जागेवर बसवायचा, एवढंच काम घड्याळजींनी ठरवलं होतं. जन्मभर मनगटी घड्याळं उघडणाऱ्या हाताला त्यात काय मोठंसं! पेट्रोल सोडणाऱ्या जेटच्या केसाएवढ्या भोकातून त्यांनी दोन वर्षांचा चिकट गाळ काढला, नवं गास्केट कापून घातलं, शेवटचा स्क्रू आवळला आणि हात पुसले.

गाडी फ्रेंच बनावटीची, छोटीशी, त्यांच्या संसाराएवढीच जुनी. गिअरचा दांडा छत्रीच्या मुठीसारखा डॅशबोर्डातून बाहेर आलेला. बॅटरी बसली की घड्याळजी पुढच्या भोकात लोखंडी दांडा घालून हँडल मारायचे आणि बायको आत बसून ॲक्सिलरेटर दाबायची. दोनदा हलकेच, मग एकदा लांब. घरात याला 'पाय देणं' म्हणत. तिचा अंदाज कधी चुकला नाही. दोन वर्षांपूर्वी ती गेली आणि गाडीवर कापड पडलं. लेक बाळंतपणाला आली, तेव्हा कुठे त्यांनी पाना-पकडीला हात लावला.

"बाबा..." लेक शेडच्या दारात उभी होती. चेहरा पांढराफटक. "कळा सुरू झाल्यात."

अजून दोन आठवडे होते. बाळ पायाळू. कळ आली की घरी क्षणभर थांबू नका, असं डॉक्टरीणबाईंनी बजावून ठेवलेलं. जावई दूर बोटीवर. बाहेर धुकं इतकं दाटलेलं की फाटकसुद्धा दिसेना. रुग्णवाहिकेवाला फोनवर म्हणाला, "दोन तास तरी धरून चाला, काका."

लेकीला मागच्या सीटवर आडवं करून त्यांनी चावी फिरवली. टक्... बॅटरी पार मेलेली. चोक ओढला, गिअर न्यूट्रलला असल्याची खात्री केली आणि पुढे जाऊन हँडल मारलं. इंजिन खोकलं, विझलं. पुन्हा तेच. ते धावत आत पोचेपर्यंत सगळं थंड. चौथ्या खेपेला त्यांनी हँडल दोन्ही हातांनी धरलं. पेट्रोलचा उग्र वास, लेकीचं दाबलेलं कण्हणं आणि दारातून पायांशी सरकत येणारं धुकं...

"एकदाच," ते पुटपुटले. "एकदाच पाय दे गं..."

हँडल फिरलं. इंजिन खोकलं आणि विझायच्या आत त्याचा आवाज चढला. हलकेच. पुन्हा हलकेच. मग लांब...

घड्याळजींनी मान वर केली. काचेतून दिसणारी ड्रायव्हरची सीट रिकामी होती.

"तू... पुढे आली होतीस?"

"मला कुठलं उठवतंय, बाबा..." लेकीचे डोळे मिटलेले होते. "आईचा पाय होता ना?"

सीटवर बसताना त्यांनी क्षणभर थांबून तिला बाजूच्या सीटवर सरकू दिलं. रस्ता असा दिसतच नव्हता, दिसत होती ती फक्त कडेची पांढरी रेघ. त्या रेघेवर नजर ठेवून पाऊण तासात त्यांनी दवाखाना गाठला.

दिवस मावळताना नर्स बाहेर आली. "मुलगी! रडली बघा, कशी खणखणीत. आणखी अर्धा तास उशीर झाला असता तर..."

नातीने त्यांचं बोट घट्ट धरलं, तसे घड्याळजी मोठ्याने हसले. दोन वर्षांत पहिल्यांदाच.

"हिला घरी न्यायच्या आधी नवी बॅटरी टाकतो," ते म्हणाले.

"नको, बाबा," लेक दमल्या आवाजात म्हणाली. "हँडलच मारा."

बाळाचे कपडे गाडीतच राहिले होते. ते आणायला घड्याळजी खाली उतरले. धुकं विरळ झालं होतं. आवारात गाडी एकटीच उभी, दारं बंद, चावी खिशात. काचा आतून वाफेने भरलेल्या. फक्त बाजूच्या सीटसमोर तळहाताएवढी जागा पुसलेली होती... आतून. तिथून प्रसूती वॉर्डची खिडकी सरळ दिसत होती.

ते जवळ गेले. पुसलेल्या जागेवर पुन्हा वाफ धरत होती. धरायची, विरायची, पुन्हा धरायची... संथपणे, एका लयीत.