लाल काच आणि तुटक रेघ

लग्नासाठी अकोल्याच्या वकिलांना पाठवायचा फोटो काढायला मी शालिकरामच्या स्टुडिओत गेले, तेव्हा माझा चेहरा हजेरीपटावर सही करायला आल्यासारखा होता. १९५८ सालची गोष्ट. वय चोवीस, अमरावतीच्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. प्रेमाबिमात पडायला मला सवड नव्हती.

"बाई, थोडं हासा... वकील भिऊन जाईन," काळ्या कापडाखालून तो म्हणाला.

"जाऊ दे की!" म्हणताना मला खरंच हसू फुटलं — आणि फोटो हलला. दुसरा काढावा लागला.

त्याला एक वेड होतं. टेकडीवरून आरशाने पाडलेली तिरीप धुळीतून डोळ्यांना दिसत नाही. ती कॅमेऱ्याने पकडायची. भिंगावर लाल काच लावली की धूसरपणा कमी होतो. फोटो घेताना कॅमेरा हळूच आडवा फिरवायचा. आरसा स्थिर असेल तर फिल्मवर सलग रेघ उमटते, हलता असेल तर तुटक. मला पटलं. शाळेच्या शिपाईण माणिकबाईंना सोबत घेऊन मी दर रविवारी सकाळी मालटेकडीवर आरसा धरू लागले, तो स्टुडिओच्या गच्चीवरून टिपू लागला. प्रयोगासाठीच हं!

चौथ्या रविवारच्या आधी अकोल्याहून होकार आला. बाबांनी पेढे वाटले. मी शालिकरामला सांगितलं.

तो बराच वेळ लाल काच पुसत राहिला. "मंग... आरशानंच सांगा. मी आवडत असन त हालवा, नसन त स्थिर धरा. तोंडानं नोका सांगू."

त्या रविवारी धुळीत गावच दिसेना. मी ठरवून आरसा स्थिर धरला. बाबा खूश होते, स्थळ चांगलं होतं, सगळं रीतसर होतं.

सोमवारी मधल्या सुट्टीत तो शाळेच्या फाटकाशी आला. "डोयाले त काहीच नाई दिसलं. पन हे पाहा..."

फोटोत तुटक रेघ होती.

"मी स्थिर धरला होता," मी म्हणाले.

"मंग हे तुटली कावून?"

फाटक उघडायला आलेल्या माणिकबाई म्हणाल्या, "बाईचा हात लटलट कापून राह्यला होता ना!"

मी विज्ञानाची बाई. पुरावा नाकारता येईना. आणि खरं सांगते, तो मला आवडत होता, त्या हललेल्या फोटोपासूनच.

"वकिलांना नकार कळवते," मी म्हणाले. "माझा फोटोही परत मागवते."

"कायले?" तो हळूच म्हणाला. "माह्यापाशी हाये ना एक... हाललेला."