होडीवाली कंपनी

पनवेलच्या बाजारात, एका दुरुस्तीच्या दुकानात मी, कॉलेजची ग्रंथपाल, लायब्ररीचा डीव्हीडी प्लेअर घेऊन उभी होते. शेजारचा तरुण दुकानदाराला सांगत होता, "बाबांच्या सिनेमांची यादी कॉम्प्युटरवर घातली, पण एकेका फिल्म कंपनीची सहा-सहा नावं झालीत. शोधलं की अर्धे सिनेमे सापडतच नाहीत."

"कुठे ऱ्हस्व, कुठे दीर्घ, कुठे नुसती आद्याक्षरं... हो ना?" मला राहवलं नाही. "एकच नाव ठरवून सगळीकडे तेच लिहायचं."

तो बघतच राहिला. "तुम्ही ठरवून द्याल?"

त्याचं नाव हितेश. घर ओवे गावात. त्याचे वडील, काशिरामकाका, तळोज्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी हौसेनं अकराशे डीव्हीडी जमवल्या होत्या. अलीकडे त्यांना सिनेमांची नावं आठवत नसत. कंपनी मात्र आठवायची, सुरुवातीला पडद्यावर येणाऱ्या चित्रामुळे. "ती होडीवाली लाव रं," म्हणायचे.

मी दर रविवारी जाऊ लागले. हितेश नावं वाचायचा, मी ठरवायची. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलं नाही.

"'सागरदीप' आणि 'सागरदीप चित्र'... एकच?"

"दोन. पत्ते वेगळे आहेत."

"इतकी जवळची नावं, आणि नातं काहीच नाही?"

"जवळ दिसली म्हणून लगेच जोडायची नसतात."

"मग कधी जोडायची?"

"पुढचं नाव वाच," मी म्हणाले. पण कान तापले होते...

चौथ्या रविवारी, आधी दुरुस्त केलेली नावं पुन्हा चुकीची दिसली. पाचव्याही. मला वाटलं, माझीच चूक.

सहाव्या रविवारी काका स्वतः कॉम्प्युटरसमोर बसले होते. "होडीवाले अकरा व्हते. चारच दिसतान." त्यांचा आवाज बारीक झाला. "का मीच इसरलो?"

हितेशचा चेहरा उतरला, आणि मला सगळं कळलं. मी त्याला ओटीवर नेलं.

"तू बिघडवलीस नावं?"

"यादी संपली की तू येणार नाहीस, म्हणून..."

"आणि त्यांना वाटतंय, आपलं डोकं चालत नाही!"

मी पर्स उचलून निघाले.

शुक्रवारी तो लायब्ररीत आला. हातात छापलेली यादी होती.

"सगळी नावं नीट लावली. बाबांनाही खरं सांगितलं."

"काय म्हणाले?"

"दोन दिवस माझ्या हातचा चहा घेतला नाही. आज म्हणाले, 'मना येरा ठरवलास, डोका नसलेला. आता त्या पोरीची माफी माग.'" त्यानं यादी माझ्यापुढे धरली. "चुकलो, मनीषा."

मी पानं उलटत गेले. होडीवाले अकराही सिनेमे एका नावाखाली होते. यादीभर एकही चूक नव्हती.

"आता तुला बोलवायला काही काम उरलं नाही," तो म्हणाला.

"मग कामाशिवाय बोलाव ना."

त्यानं आजूबाजूला पाहिलं. वाचत बसलेली मुलं, डोक्यावरचा पंखा... "मला तू आवडतेस," तो अगदी हळू म्हणाला. "रविवारी येशील?"

"रविवार लांब आहे," मी म्हणाले. "उद्या माझी अर्धी सुट्टी असते."