पांघरूण घातलेली तक्रार

भिंगारच्या बाजारात डिसेंबरात एवढी थंडी पडते की एकदा एका माणसाची शिंक तोंडातून निघाली ती गोठली, आणि दुकानाच्या पाटीला दोन दिवस लटकून राहिली. त्याच पाटीच्या वर, पहिल्या मजल्यावर, सौरपंप दुरुस्त करणारं एक ऑफिस आहे. शिंकेवर विश्वास ठेवला नाहीत तरी चालेल. ऑफिसवर ठेवा.

तिथं पहिल्या टेबलाशी मधुवंती बसायची. शेतकऱ्यांच्या तक्रारी लिहून घ्यायची आणि कारागिरांना वाटून द्यायची. एका गारठलेल्या सकाळी एक उंच, सडपातळ मुलगा जिना चढून आला. त्याच्या दोन्ही हातांवर घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी होतं, तान्हं मूल धरावं तसं धरलेलं.

"काय झालंय?" तिनं मान वर न करता विचारलं.

"रातभर कन्हत हुतं. सकाळपास्नं गप हाय."

तिनं झटकन वर पाहिलं. चेहरा दवाखान्यात आल्यासारखा गंभीर, पण डोळे… डोळे हसत होते. घोंगडीच्या आत पंपाचा कंट्रोलर होता.

तिनं ओठ दाबून फॉर्म भरायला घेतला. नाव अमृत. गाव श्रीगोंद्याच्या अलीकडचं. मोबाईल नंबर त्यानं एकेक आकडा असा सावकाश सांगितला, की जणू पुढचा आकडा तिनं ओळखावा. शेवटी त्यानं विचारलं, दुरुस्तीला कोण येणार? ती म्हणाली, आजच एक नवा कारागीर रुजू होतोय, कसा आहे देव जाणे.

"बरा हाय म्हनत्यात," तो म्हणाला. "दिसायलापन."

आणि खिशातून नेमणुकीचं पत्र काढून त्यानं टेबलावर ठेवलं. कंट्रोलर वाटेत एका शेतकऱ्यानं हातात दिला होता.

"मग एवढा वेळ फॉर्म का भरू दिलात?"

"तुमी इचारत हुता… मला सांगावंसं वाटत हुतं."

तेवढ्यात लष्कराच्या रेंजवर तोफ उडाली आणि खिडकीच्या काचा थरथरल्या. भिंगारच्या माणसाला त्याची सवय असते. तरीही मधुवंती दचकली, आणि दचकल्याचं खापर तिनं तोफेवर फोडलं.

आता त्या ऑफिसची कामाची पद्धत सांगायला हवी, कारण सगळा घोटाळा तिथंच झाला. प्रत्येक तक्रारीचं एक कार्ड असायचं, कॉम्प्युटरवर आणि कारागिराच्या मोबाईलवर. जे काम आज होणार नाही त्यावर बोट दाबायचं, एक तारीख द्यायची, तयार यादीतलं एखादं कारण निवडायचं. ‘ढगाळ हवामान’, ‘सुटा भाग आलेला नाही’, ‘ग्राहकाच्या घरी कार्य’. एवढं केलं की मधुवंतीच्या समोरून कार्ड नाहीसं. दिलेल्या तारखेला सकाळी नऊला ते आपोआप यादीच्या डोक्यावर येऊन बसायचं. ऑफिसात याला म्हणत ‘पांघरूण घालणं’.

मालक सुनीलशेठ यांना हा प्रकार फार आवडला होता. त्यांनी सासूबाईंच्या मुक्कामाचं कार्ड करून त्यावर दिवाळीपर्यंत पांघरूण घातलं, तर त्या माउली खरंच दिवाळीपर्यंत दौंड स्टेशनवर बसून राहिल्या. आणि पारनेरच्या एकाचं ‘बोअर आटली’ हे कार्ड जूनपर्यंत झाकलं होतं. जूनमध्ये कार्ड उठलं त्याच मिनिटाला बोअरला पाणी आलं. पारनेरात जाऊन विचारा. तो माणूस तुम्हाला सापडायचा नाही, ती गोष्ट वेगळी.

मधुवंतीनं हे सगळं अमृतला पहिल्याच आठवड्यात शिकवलं. शिकवताना तिची वेणी कीबोर्डवर पडत होती आणि तो ती उचलून बाजूला ठेवावी की नाही, या विचारात अर्धं ऐकतच नव्हता. आणखी एक नियम तिनं सांगितला, तो तिनं स्वतः केलेला होता. कारागीर तीन वेळा जागेवर गेला आणि तीनही वेळा कोणी भेटलं नाही, तर तक्रार बंद करायची.

"तीन वेळा म्हंजे लई झालं," तो म्हणाला. "मी असतो तर सात ठेवलं असतं."

"तुमच्यासारखे रिकामे नाहीत सगळे."

एक गोष्ट मात्र तिनं सांगितली नाही, कारण ती तिला सांगण्याइतकी मोठी वाटली नाही. पांघरुणाखालच्या कार्डावर कारागिरानं काही लिहिलं, तर ते लिहिलेलंसुद्धा पांघरुणाखालीच राहायचं. तिला पत्ता लागायचा नाही. कार्ड उठलं आणि तिनं उघडून पाहिलं, तरच दिसायचं. अमृतला हे ठाऊक होण्याचं कारण नव्हतं. तो आजचं काम आज करणारा. त्यानं कधी कशावर पांघरूण घातलंच नव्हतं.

जानेवारीत तो एका संध्याकाळी हुरडा घेऊन आला. वर्तमानपत्रात गुंडाळलेला, अजून कोमट. बाकीचे घरी गेले होते. तिनं मूठभर तोंडात टाकला, तर तो आपल्याच हनुवटीवर बोट ठेवून उभा. तिला कळेना. मग कळलं, आपल्या हनुवटीला राख लागलीय. तिनं पदरानं पुसली, तर त्यानं बोट गालावर नेलं. गाल पुसला, तर कपाळावर.

"तिथं काही नाहीये," ती म्हणाली.

"न्हाई. पन तुमी पुसत हुता, बरं वाटत हुतं."

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता यादीत नवं कार्ड आलं. तक्रारदार: अमृत. ठिकाण: पहिल्या टेबलासमोर. तक्रार: जेवण जात नाही, झोप येत नाही. पॅनेल, वायर, मोटार सगळं तपासलं, दोष दुसरीकडंच आहे. जन्मभराच्या देखभालीचा करार करायला तयार. मॅडमनी स्वतः लक्ष घालावं.

तिनं ते चार वेळा वाचलं. मग इकडंतिकडं पाहिलं, आणि सोमवारची तारीख टाकून त्यावर पांघरूण घातलं. कारण निवडलं ‘ढगाळ हवामान’.

दुपारी तो टेबलाशी घुटमळला. त्याच्या मोबाईलवर तारीख आणि कारण दोन्ही दिसत होतं.

"आभाळ तर निवळ हाय, मॅडम."

"तुम्हाला दिसत नाही. आमच्या घरावर ढग आहेत." ती हळू आवाजात म्हणाली. तिचे वडील शामकांत लष्कराच्या डेपोत कारकून होते, आता निवृत्त. आई नव्हती. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन जवळ आलेलं, आणि मुलीनं आपल्या मनानं, आपल्या पोटजातीबाहेरचं ठरवलं हे ऐकून ते काय म्हणतील, याचा तिला अंदाज नव्हता. "जरा… वेळ द्या. आणि फोनवर काही पाठवू नका. अक्षरं मोठी दिसतात म्हणून बाबा माझाच फोन वापरतात. लिहायचं ते कार्डावर लिहा. तिथं ऑफिसचा पासवर्ड आहे."

"कार्डावर," तो म्हणाला, आणि मान डोलावली. शब्दाला पक्का होता तो. तिथंच फसलं.

सोमवारी कार्ड उठलं. ऑपरेशन गुरुवारी होतं. तिनं पुन्हा झाकलं, ‘सुटा भाग आलेला नाही’.

"कंचा भाग?" त्यानं जाता जाता विचारलं.

"धीर."

"मागवलाय का?"

"मागवलाय. वाटेत आहे."

तो हसला, पण नेहमीपेक्षा थोडं उशिरा. पुढच्या सोमवारी चुलतबहिणीचं लग्न निघालं, ‘ग्राहकाच्या घरी कार्य’. त्याच्या पुढच्या सोमवारी बाबांच्या डोळ्यात औषध चालू होतं. असे सात सोमवार गेले. आणि त्या सातही सोमवारी तिनं कार्ड एकदाही उघडलं नाही. यादीत नाव दिसलं की ती वरच्यावर पांघरूण ओढून मोकळी व्हायची. उघडलं असतं तर ‘होय’ लिहावंसं वाटलं असतं, आणि होय लिहिलं की त्याच संध्याकाळी बाबांसमोर उभं राहावं लागलं असतं.

फेब्रुवारीत एकदा तो जिन्यात भेटला. शर्टाला कारखान्याच्या मळीचा गोडसर वास येत होता. त्यानं विचारलं, "कार्डावर लिवलेलं बघितलं का?"

तिच्या मनात ते पहिलंच लिहिलेलं होतं, चार वेळा वाचलेलं. तिचे कान तापले.

"बघितलं. थोडं थांबा ना."

"थांबतोय," तो म्हणाला. बाजूला सरून त्यानं तिला वाट दिली. त्यानंतर त्यानं हुरडाही आणला नाही आणि हनुवटीवर बोटही ठेवलं नाही. तिला वाटलं, किती समजूतदार आहे.

मार्चमधल्या एका रविवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, शामकांत काळा चष्मा लावून रेडिओ ऐकत बसले होते. मधुवंतीनं रेडिओ बंद केला. सांगून टाकलं. नाव, गाव, जात, पगार, घोंगडी, सगळं एका दमात.

त्यांनी काळा चष्मा नाकावर नीट बसवला.

"कामावर वेळेवर येतो?"

"सगळ्यांच्या आधी."

"मग उद्या चहाला बोलाव. आणि काय गं, एवढ्यासाठी डोळ्यात औषध टाकताना तुझा हात थरथरत होता होय? मला वाटलं ऑपरेशन बिघडलंय. मी घाबरून डॉक्टरांना दोनदा विचारून आलो."

त्या दिवशी ती इतकी हसली की शेजारच्या घरातली भांडी मांडणीवर आपोआप वाजली म्हणतात.

सोमवारी ती साडेआठलाच ऑफिसात आली. मोरपंखी साडी नेसून. उत्तर तिनं मनात तयार केलं होतं: ‘सुटा भाग मिळाला. करार मान्य.’ नऊ वाजले. कार्ड उठलं नाही. नऊ पाच झाले, नऊ दहा. तिनं तारीख तपासली, तारीख बरोबर होती. मग तिला आठवलं की तक्रार ज्याची असेल त्याला ती पांघरुणाखाली असतानाही बंद करता येते. तिनं बंद कामांची यादी उघडली.

अगदी वर तेच होतं. तिनं ते इतक्या सोमवारांनंतर पहिल्यांदा उघडलं… आणि पांघरुणाखालचं सगळं एकदम दिसलं.

‘रविवारी चार वाजता चांदबीबी महालावर वाट बघतो. यायचं नसलं तर तसं लिहा, राग नाही.’

‘भेट पहिली. सहापर्यंत थांबलो. कोणी भेटलं नाही.’

‘केडगावच्या रसवंतीवर, रविवारी पाच.’

‘भेट दुसरी. दोन ग्लास मागवले. दोन्ही मीच प्यालो. कोणी भेटलं नाही.’

आणि शेवटचं, शनिवारचं: ‘उद्या घरी पाहुणे येणार, आईला होकार पाहिजे. मी सकाळी अकराला माळीवाडा स्टँडवर असेन. तुम्ही नुसत्या दिसलात तरी मी गावी जाऊन नाही म्हणतो.’

त्याखाली: ‘भेट तिसरी. श्रीगोंद्याच्या दोन गाड्या सोडल्या. तिसरी धरतो.’ बंद करण्याचं कारण तयार यादीतलंच होतं: ‘तीन भेटी दिल्या, जागेवर कोणी भेटले नाही’.

तिनं ऑफिसच्या फोनवरून नंबर लावला. तो नंबर तिला पाठ होता, एकेक आकडा सावकाश ऐकलेला.

"मी वाचलंच नव्हतं," ती म्हणाली. "झाकलेलं असलं की दिसत नाही. आत्ता वाचलं. अमृत, मी काल अकरा वाजता बाबांना सांगितलं. ते… ते हो म्हणाले."

पलीकडं कुठंतरी मोटार चालू होती आणि पाणी पडत होतं.

"काल सांजच्याला सुपारी फुटली," तो म्हणाला. "पोरगी चांगली हाय. तिनं मला इचारलं, मनापासनं का? मी व्हय म्हनलं."

"मला एकदा विचारायचंत तरी. तोंडानं."

"इचारलं की जिन्यात. तुमी बघितलं म्हनालात." मग तो पहिल्यांदाच नावानं बोलला. "मधुवंती… तिला शब्द दिलाय. त्याच्यावर मला पांघरून घालता येत न्हाई."

"नका घालू," ती म्हणाली, आणि फोन ठेवला. रेंजवर तोफ उडाली, काचा थरथरल्या. ती दचकली नाही.

कार्डाच्या तळाशी ‘पुन्हा उघडा’ असं एक बटण होतं. तिनं त्याला हात लावला नाही. घरी चहा ठेवला होता, बाबांनी एक कप जास्तीचा काढला होता. त्यांना काय सांगायचं, याचा विचार करत ती संध्याकाळपर्यंत तक्रारी लिहीत राहिली. तक्रार आली की त्याच घटकेला कारागिराला फोन. त्या दिवसापासून तिनं पांघरुणाच्या बटणाला बोट लावलेलं नाही, आणि भिंगारमधले पंप एवढ्या वेळेवर दुरुस्त होऊ लागले की विहिरी तक्रार करायला लागल्या म्हणे. ही थाप आहे. बाकीच्यांसारखीच.

पण पुढच्या रविवारी चार वाजता ती चांदबीबी महालाच्या टेकडीवर गेली, ही थाप नाही. तिथं वारा फार असतो. खाली नगर पसरलेलं दिसतं, आणि डोंगराच्या कडेनं येणारी वाटही स्पष्ट दिसते. ती सहापर्यंत थांबली. मग साडीवरची धूळ झटकून सावकाश उतरायला लागली.

कोणी भेटलं नाही. नियमाप्रमाणे तीन भेटी द्याव्या लागतात. तिची एकच झाली होती.