खिशातली हाक

जेवणं आटोपली आणि अंकुरनं मोटारसायकलची किल्ली उचलली. रामराव गच्चीवर बाजेवर आडवे झाले होते.

"कुठी निघाला?"

"कौंडण्यपूरले, काका. दोस्ताच्या घरी. कुऱ्ह्यावरून गेलो का तासाभरात पोचतो."

"सकाळी जाय."

"काहून?"

रामराव उठून बसले. अंकुरची बहीण रागिणी अंथरुणं घालत होती, तीही थांबली. अमरावतीच्या त्या गल्लीत आता फक्त दूरचा एक टीव्ही ऐकू येत होता.

"अकोल्याचा मुनव्वर माईत हाये नं तुमाले? माहा जुना दोस्त. त्याच रस्त्यावर त्याच्यासंगं काय झालं, ते सांगतो. त्याच्याच तोंडून ऐकलं म्या. अन् शेवटचं तं माह्या डोळ्यानं पाह्यलं. बस थोडा."

अंकुर कठड्याला टेकून बसला. रामरावांनी सांगितलं ते असं.

मुनव्वरचं दुकान जठारपेठेत, औषधाच्या एका दुकानाच्या माडीवर. मोबाइल दुरुस्त करणारे त्या भागात ढिगानं, पण मुनव्वर मोबाइलला हात लावत नसे. त्याचं काम खिशातल्या जुन्या कॉम्प्युटरांचं. मोबाइल हुशार झाले नव्हते तेव्हा मोठे साहेब लोक वापरायचे ते. चष्म्याच्या डबीसारखं झाकण उघडायचं. आत करडा पडदा, बारक्या बारक्या कळा. कंपन्यांनी केव्हाच बंद केलेल्या या यंत्रांचे शौकीन अजून आहेत, आणि ते लांबलांबून कुरिअरनं मुनव्वरकडे पाठवतात. आतले सेल फुटून हिरवा गंज चढलेला असतो, बिजागरीतली पट्टी उघडमीट करून तुटलेली असते, वरचं रबर गुळासारखं चिकट झालेलं असतं. मुनव्वर स्पिरिटनं गंज पुसायचा, केसासारखी तार लावून पट्टी जोडायचा, आणि मेलेला पडदा जागा झाला की आपल्याशीच म्हणायचा, "उठ गए जनाब."

दिवाळीच्या आधी त्याच्या माडीवर गोदाबाई चढून आली. कौंडण्यपूरच्या अलीकडे, वर्धेच्या काठच्या गावची म्हातारी. डोळ्यांनी जेमतेम दिसत होतं, तरी एकटी एसटीनं आली होती. पदराच्या गाठीतून तिनं एक यंत्र काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"हे माह्या पोराचं हाये, बापा. देवानंदचं."

देवानंद नदीचं पाणी मोजायचा. कुण्या सर्वेवाल्यांनी त्याला कामावर लावलं होतं. चांगला उंचापुरा, दारातून वाकून आत येणारा गडी. पावसात कागद भिजतो म्हणून तो या यंत्रात बोलून ठेवायचा. सोळा वर्षांपूर्वी भादव्याच्या पुरात काठावर गेला, तो गेलाच. पिशवी सापडली, पिशवीत हे यंत्र सापडलं. तो सापडला नाही.

"त्यात त्याचा आवाज असन," गोदाबाई म्हणाली. "त्याचं तोंड दिसते मले डोळे मिटले का. आवाज नाही येत. आवाज विसरली मी."

असल्या गिऱ्हाइकाला मुनव्वर नाही म्हणणारा नव्हता. काम किचकट होतं, आत नदीचा गाळ वाळून बसला होता. यंत्राची स्वतःची आठवण तर सेल मेल्यावरच पुसली गेलेली. पण त्याच्या कुशीत एक मेमरी कार्ड होतं, आणि कार्डाला जिवंत राहायला सेल लागत नाही. बऱ्याच खटपटीनंतर एका संध्याकाळी पडदा उजळला. कार्डावर एकच आवाज शिल्लक होता. मुनव्वरनं कळ दाबली.

"देवाऽऽ... ये रे बापा... सांज झाली... घरी ये..."

बाईचा आवाज होता. गोदाबाईचाच, म्हातारी व्हायच्या आधीचा. पोरानं गमतीनं आईची हाक टिपून ठेवली असावी. त्याचा स्वतःचा एक शब्द त्यात नव्हता.

स्पीकर थोडा खरखरत होता. म्हणून मुनव्वरनं तार बदलून पुन्हा वाजवलं, मग पुन्हा. तिसऱ्या खेपेला त्याला जिन्यावर पाऊल ऐकू आलं. ओल्या पायाचं. एक पायरी... दुसरी... मग मधल्या वळणावर थांबल्यासारखं. त्यानं दारातून डोकावलं. कुणी नव्हतं. पायऱ्या मात्र वळणापर्यंत ओल्या होत्या. गच्चीवरची टाकी भरून वाहिली असेल, असं त्यानं मनाला सांगितलं. पण त्यानंतर ते यंत्र त्यानं वाजवलं नाही.

आणि म्हातारीला काय सांगायचं, ते त्याला सुचेना. आज कळवू, उद्या कळवू, असं करत दिवस गेले. शेवटी तिचाच फोन आला, शेजारच्या पार्बताबाईच्या मोबाइलवरून.

"आजच आणून दे रे बापा. उद्याचं मी सांगू शकत नाही."

तो दिवस होता १८ डिसेंबर २०२३, सोमवार. चंपाषष्ठी.

मुनव्वर दुपारीच निघाला, पण गाडी मूर्तिजापूरला अडकून पडली. रामरावांच्या घरी पोचेपर्यंत रात्र झाली होती. रामराव म्हणाले, मुक्काम कर, सकाळी जा. मुनव्वर म्हणाला, "ती दारात बसून असन, रामभाऊ." त्यानं घाईनं दोन घास खाल्ले, रामरावांची मोटारसायकल घेतली आणि नऊच्या सुमारास निघाला. प्रवासात सेल फुटू नयेत म्हणून ते त्यानं यंत्रातून काढून पँटच्या खिशात ठेवले होते. ही त्याची नेहमीची रीत. यंत्र जॅकेटच्या आतल्या खिशात, छातीशी.

कुऱ्हा मागे पडलं. रस्ता मोकळा होता. अर्धा चंद्र पश्चिमेला कलला होता आणि दोन्ही बाजूंना तुरी पुरुषभर उंच उभ्या होत्या. कुणीतरी गव्हाला पाणी सोडलं असावं, ओल्या मातीचा वास येत होता. मुनव्वर मनात शब्द जुळवत होता. माय, त्यात त्याचा आवाज नाही. माय, पुष्कळ शोधलं म्या. कसंही म्हटलं तरी ते बरं वाटेना.

तेवढ्यात शेतातून कुणी बाई हाक मारते आहे असं वाटलं.

त्यानं वेग कमी केला. हाक पुन्हा आली. शेतातून नाही. जवळून. फार जवळून.

"देवाऽऽ... ये रे बापा..."

छातीतून.

त्यानं गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. यंत्र बाहेर काढलं. पडदा काळा होता. त्यानं मागचं झाकण उघडलं. सेलांची जागा रिकामी. पँटचा खिसा चाचपला... दोन्ही सेल तिथंच होते.

"...सांज झाली... घरी ये..."

मग शांत.

रातकिडेही थांबले. वारा नव्हता, तरी डावीकडची तूर हलली. एका ओळीनं. नदीच्या बाजूनं रस्त्याच्या दिशेनं. कुणी झाडं बाजूला सारत येतं आहे तशी.

मग डांबरावर पाऊल.

पचक...

पचक...

मुनव्वरनं किक मारली. गाडी सुरू झाली. पण त्यानं गिअर टाकायच्या आधीच मागचा भाग खाली दबला. मोठा माणूस मागं बसला की दबतो, तसा. हँडल हलकं झालं. गाळाचा वास आला, पुराच्या पाण्याचा. आणि उजव्या खांद्यावर हात पडला.

जड. गार. जॅकेट भिजलं, आतला सदरा भिजला, पाणी पाठीवरून ओघळत कमरेपर्यंत गेलं.

गाडी चालली होती. तोच चालवत होता. कलमा आठवेना. आरशात पाहायची छाती नव्हती. त्यानं आरसा बोटानं आभाळाकडं वळवला.

समोर नाल्याचा पूल आला. यंत्र फेकून द्यावं. खाली, पाण्यात. जिथलं तिथं जाईल, आणि मागचाही जाईल. त्यानं एक हात सोडला, खिशाकडं नेला. यंत्र बोटांत आलं.

म्हातारीचं बोलणं त्याला आठवलं. आवाज विसरली मी.

पूल मागे पडला. यंत्र खिशातच राहिलं.

"देवानंदभाऊ..." मुनव्वर म्हणाला. आपला आवाज त्याला ओळखू आला नाही. "घरीच जाऊन राहिलो आपण. बसा... सोडतो घरी."

खांद्यावरची बोटं सैल झाली.

मागून पाणी ठिबकत होतं, आणि गरम सायलेन्सरवर पडून चुरचुरत होतं.

गाव जवळ येऊ लागलं तसं त्याला कळलं, की गाडी हलकी होते आहे. एकदम नाही. थोडी थोडी. पाण्याच्या टाकीपाशी आला तेव्हा मागं कुणी नसावं इतकी हलकी. उतरला, असं त्याला वाटलं. श्वास सोडला...

आणि खांद्यावरचा हात गेला होता, तो आता कमरेला होता. दोन्ही हात. घट्ट धरलेले.

त्यानं खाली पाहिलं नाही.

गोदाबाई खरंच दारात बसून होती. दिवा नव्हता, तिला त्याचा उपयोगही नव्हता. गाडीचा आवाज ऐकून तिनं मान वर केली.

"मुनव्वर? भिंतीकडून ये बापा, दगडावर पाय देत. पार्बतानं सांजेले अंगण सारवलं. अजून ओलं हाये."

तो भिंतीच्या कडेनं दगडांवरून गेला. ओसरीवर पोचला तेव्हा लक्षात आलं, म्हातारीचं तोंड आपल्याकडं नाही. ती अंगणाच्या मधोमध पाहत होती. तिथं काही नव्हतं.

"अन् तू ओल्यातून काहून आला रे?" ती म्हणाली. रागावून नाही. रोज म्हणतात तसं. "पाय पाह्य आपले."

मुनव्वर भिंतीला टेकला. त्यानं यंत्र तिच्या हातात दिलं. इथवर जुळवलेले सगळे शब्द गेले होते.

"माय... त्याचा आवाज नाही यात. तुमचाच हाये. तुम्ही त्याले बलावता तो."

गोदाबाईनं यंत्र मांडीवर ठेवलं, झाकणावरून हात फिरवला. वाजव म्हणाली नाही.

"असू दे," ती म्हणाली. "तू दमला असशीन. पार्बताच्या ओसरीवर पड." मग उठली, आत गेली, दार लोटलं.

मुनव्वर पार्बताबाईच्या ओसरीवर पडला, पण झोपला नाही. भिंतीपलीकडून गोदाबाईचं बोलणं येत होतं.

"जेवला का?"

...

"मंग इतके दिवस?"

...

...

"नाही रे. मी कशाची रागावते."

मधल्या जागी त्याला काही ऐकू आलं नाही. पण म्हातारी प्रत्येक वेळी पुरतं ऐकून घ्यायची, मगच पुढं बोलायची. एकदा ती हसली. पहाटेपर्यंत हे चाललं. मग एकदम शांत झालं, आणि मुनव्वरला थंडी वाजून ताप भरला.

गच्चीवर रागिणी सरकून रामरावांच्या बाजेजवळ आली होती.

"सकाळी त्यानं मले फोन केला, का रामभाऊ, मी गाडी चालवू शकत नाही. मी पह्यल्या एसटीनं गेलो. मले वाटलं, म्हातारीचं काही बरंवाईट झालं. तं ती चुलीपाशी चहा करून राह्यली होती. मले म्हणे, बसा. अजून हाये ती, चांगली धडधाकट. रोज सांजेले दारात बसत होती नं, ते बसणं तेव्हापासून बंद झालं."

"अन् तुमी काय पाह्यलं, काका?" अंकुरनं हळूच विचारलं.

"अंगण. रातभरात सुकलं होतं. त्यात पाय उठले होते. फाटकापासून दारापर्यंत, मधोमध. एकच ओळ, आत जाणारी. बाहेर येणारं एक पाऊल नाही. पार्बताबाई म्हणे, आमच्या दोन्ही घरात लेकरू नाही, गल्लीतलंही कोणी रात्री आलं नाही..."

"लेकरू?" रागिणी म्हणाली. "पण तो तं उंचापुरा गडी होता नं..."

"मी निघालो तेव्हा गोदाबाई अंगणात उकिडवी बसून होती. दिसत नाही तिले, म्हणून हातानं पाहत होती. एकेका पावलावर वीत टेकवत होती. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत..."

...

"पुरं पाऊल तिच्या एका वितीत मावत होतं."