निजवणीचा तिसरा डोस

"मॅडम, नाकातून जे पाणी वाहायचं, ते आता जातं कुठे?"

हर्षाली चौधरीनं विचारलं आणि शाळेच्या अख्ख्या हॉलमध्ये हशा पिकला. मागच्या बाकावर उन्नती आणि सायमा तोंडावर ओढणी धरून हसत होत्या. पैज त्यांचीच होती. पाहुण्यांना हा प्रश्न विचारून दाखवला, तर आठवडाभर हर्षालीचं दप्तर त्या वाहणार होत्या.

तिनं भर सभेत उभं राहून दाखवलं होतं. दोन वर्षांपूर्वी ही मुलगी हजेरीलासुद्धा रुमालाआडून "उपस्थित" म्हणायची. वर्गात तिचं नाव होतं 'नळ'. ती आली की कुणीतरी ओरडायचं, "बादली लावा रे!"

नंदुरबारला नाक वाहणं म्हणजे काही नवल नव्हतं. गावाबाहेर मैलभर पथाऱ्या, म्हणजे मिरच्या वाळत घालायची मैदानं. वारा फिरला की भाजीवालीपासून तहसीलदारापर्यंत सगळे शिंकायचे. पण ती जुनी गोष्ट. आता २०६१ साल होतं आणि गावात गेली दोन वर्षं कुणी शिंकलं नव्हतं.

त्याचं कारण समोर स्टेजवर बसलं होतं. डॉ. अरुंधती टेंभेकर. निजवणी त्यांनीच शोधली. फवाऱ्याचं सरकारी नाव ओळभर लांब होतं, पण तो नाकाला निजवतो म्हणून लोक निजवणीच म्हणत. वर्षातून एकदा, दोन्ही नाकपुड्यांत एकेक फुस्स. झालं! शाळेतल्या मुलांचा तिसरा डोस येत्या सोमवारी होता.

टेंभेकर मॅडम आधी सगळ्यांबरोबर हसल्या. मग थांबल्या. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी हर्षालीला शाळेच्या प्रयोगशाळेत बोलावलं.

"तुला ऍलर्जी होती?"

"नाही ना! हातावर छत्तीस ठिकाणी टोचून पाहिलं. एकाचीही नाही. डॉक्टर म्हणाले, ऍलर्जी नसलेली सर्दी. म्हटलं, मग माझं नाक रडतंय कशाला?"

मॅडमनी फळ्यावर एक नाक काढलं. चांगलं काही आलं नाही, वांग्यासारखं दिसत होतं.

"ऍलर्जीत शरीराचा पहारेकरी साध्या पाहुण्याला चोर समजतो. तुझ्या पहारेकऱ्याचा काही गैरसमज नव्हता. तो फक्त फार जागा होता. नाकातल्या नसा थंड हवा, धूर, तिखट, कशालाही दचकायच्या. त्या दचकल्या की आतलं अस्तर फुगतं, पाणी सुटतं, शिंक येते. आधी काय औषध घ्यायचीस?"

"स्टेरॉइडचा स्प्रे. मान खाली, नळीचं तोंड नाकाच्या बाहेरच्या बाजूला, मधल्या पडद्यावर नाही. रोज सकाळी, न चुकता." हर्षालीला ते पाठच होतं. "महिन्याभरानं निम्मं कमी झालं. पण घरच्या मिरची कांडपात गेलं की परत सुरू."

"बरोबर. तो सूज उतरवायचा. कुणाला उपयोग व्हायचा, कुणाला फारसा नाही. पण नसा जाग्याच राहायच्या. आम्हाला ते अर्धवट वाटलं. म्हणून आम्ही नसच निजवली."

"मग पाणी?"

"सुटतच नाही."

"आणि पाण्याबरोबर जे बाहेर वाहून जायचं, ते?"

मॅडम खडूशी चाळा करत राहिल्या. "तुला हा प्रश्न कुणी शिकवला?"

"पैजेवर विचारला हो!" हर्षालीचा पाय टेबलाखाली एकसारखा हलत होता. "ती नस जागी कधी होते?"

"वर्षभरात. पहिल्या डोसनंतर होते, दुसऱ्यानंतर होते."

"तिसऱ्यानंतर?"

"शोधतोय आम्ही," त्या हळूच म्हणाल्या. "अजून एकही जागी झालेली सापडलेली नाही. पण कुणाची तक्रार पण नाही, बाळा. उलट सगळे खूश आहेत."

हर्षालीनं सायकल अशी दामटली की दप्तर वाहणाऱ्या दोघी मागेच राहिल्या. तिच्या आईबाबांना कांडपवाले म्हणून निजवणी सगळ्यांच्या आधी मिळाली होती. त्यांचे पाच डोस झाले होते.

घराला लागूनच त्यांचं मिरची कांडप. यंत्र धडधडत होतं. आई चाळणीपाशी बसली होती. पूर्वी तिच्या तोंडाला ओला फडका असायचा, डोळे तेवढे दिसायचे. आता तोंड उघडं होतं आणि ती गुणगुणत होती. भिंतीत जिथे धूळ बाहेर फेकणारा पंखा होता, तिथे पुठ्ठा ठोकला होता. पंखा बाबांनी काढून पुढच्या खोलीत, टीव्हीसमोर बसवला होता.

"आई, फडका बांध ना."

"कशाला गं?"

"धूळ आहे."

"कुठेय धूळ? झोंबतंय का काही?" आई हसली आणि मग थोडं खोकली. हा खोकला हर्षालीनं रोज ऐकला होता. घड्याळाची टिकटिक ऐकावी तसा, म्हणजे ऐकलाच नव्हता.

तिनं आपला पांढरा रुमाल ओला केला आणि आईच्या डोक्याशेजारी खिळ्याला लावला. मग येरझाऱ्या सुरू. दारापर्यंत, परत. दारापर्यंत, परत. "भोवरा झालाय का तुझा?" आई म्हणाली. पाव तासानं रुमाल काढला तर तो लालभडक झाला होता.

पाणी कुठे जातं, हा प्रश्नच चुकीचा होता. हे कुठे जातं?

तेवढ्यात तिच्या डाव्या नाकपुडीत काहीतरी सळसळलं. दुसरा डोस घेऊन वर्ष होत आलं होतं. तिनं श्वास धरला, डोळे मिटले, आणि—

"आऽऽक् छी!"

बाबा आतून धावत आले. "काय पडलं? काय फुटलं?"

"मी शिंकले."

दोघं तिच्याकडे बघतच राहिले. तिनं यंत्र बंद केलं, रुमाल त्यांच्यासमोर धरला आणि मॅडम म्हणाल्या ते सगळं एका दमात सांगितलं.

बाबा पुठ्ठ्यापाशी गेले. "लावतो पंखा," ते म्हणाले.

"आणि मी बांधते फडका," आई म्हणाली. "पण पोरी, खरं सांगू? तासाभरानं काढून ठेवेन. विसरेन. आठवण करून द्यायला काही झोंबतच नाही गं."

"माहितेय. म्हणून मी ठरवलंय. सोमवारी मी डोस घेणार नाही."

"वेडी का काय!" बाबा उसळले. "पुढच्या महिन्यात जिल्ह्याची वक्तृत्व स्पर्धा आहे. स्टेजवर नाक गळायला लागलं म्हणजे? परत नळ म्हणतील."

हर्षालीचा चेहरा क्षणभर पडला. तिनं बाहीला नाक पुसलं. वाहायला लागलं होतं ते, अगदी पूर्वीसारखं.

"म्हणू देत. मी जुना स्प्रे घेईन रोज सकाळी आणि हातात रुमाल धरून बोलेन," ती म्हणाली. "आणि शाळेतून आले की अभ्यासाला इथेच बसणार, यंत्राशेजारी. मी शिंकले की बाबा, तुम्ही यंत्र बंद करायचं आणि आई, तू बाहेर जायचंस. कारण विचारायचं नाही. आजपासून तुमच्या दोघांच्या वाटचं मीच शिंकणार आहे."